कॅव्हिटीतला प्रकाश अणूंना उत्तर देतो म्हणजे नेमकं काय होतं?

स्थिरतरंग:

नमस्कार मंडळी. माझं पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे. विषय आहे दोन आरशांमधल्या कॅव्हिटीत ठेवलेले अतिशीत अणू. मी गणिताच्या बाजूने आलोय, लेझरला अजून हातही लावलेला नाही. गेले तीन आठवडे एकाच जागी अडकलोय म्हणून इथे विचारतो.

मी एक छोटा कोड लिहिला. मध्ये रुबिडियमचं बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट (इतके थंड अणू की सगळे मिळून एकाच तरंगासारखे वागतात), डावी-उजवीकडे आरसे, वरून पंप लेझर. आरशांमधल्या प्रकाशाचा स्थिरतरंग मी कोसाइन वर्गाच्या आकाराचं विभव म्हणून घातला. अणू मुकाट्याने प्रस्पंद बिंदूंवर, म्हणजे स्थिरतरंगात प्रकाश सर्वात तीव्र असतो तिथे, जाऊन बसतात. पंप वाढवला की जरा घट्ट बसतात, बस्स. पण सगळे लेख म्हणतात की पंप एका ठरावीक शक्तीच्या वर गेला की अणू अचानक नव्या रचनेत जातात आणि कॅव्हिटी एकदम उजळते. माझ्याकडे 'अचानक' असं काही घडतच नाही. मार्गदर्शकांना विचारलं तर म्हणाले, "तू प्रकाशाला भिंत समजतोयस, तो भिंत नाही." आणि ते पंधरा दिवस दौऱ्यावर गेले.

तर प्रश्न असे. साध्या ऑप्टिकल लॅटिसमध्येही (समोरासमोरच्या लेझरांनी केलेली प्रकाशाची जाळी) स्थिरतरंगच असतो, मग कॅव्हिटीने वेगळं काय होतं? सगळी करामत आरशांची असेल तर अणू नॅनोकेल्विनपर्यंत थंड कशाला करायचे? आणि तिसरी गोष्ट मला खरंच खुपते: कोऑपरेटिव्हिटीचं (एक अणू कॅव्हिटीतल्या प्रकाशाशी किती परिणामकारक जोडला जातो त्या मापाचं) सूत्र सोपं करत नेलं की त्यातून अणूचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे प्रकाशाशी जोडणीचा त्याचा स्वतःचा जोर, निघूनच जातो. प्रकाशाशी जोरात जोडला जाणारा अणू आणि मिळमिळीत जोडला जाणारा अणू, दोघांना एकच आकडा कसा?

सूत्रं माझ्याकडे आहेत. चित्र नाही.

नॅनोकेल्विन:

तुझ्या मार्गदर्शकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी आठ वर्षं याच प्रकारच्या प्रयोगावर काम करतेय, म्हणून प्रयोगाच्या बाजूने सांगते. सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करू, कारण चित्र तिथेच तयार होतं.

अणूच्या अनुनादावरचा, म्हणजे अणू ज्या वारंवारतेला सर्वात जोरात प्रतिसाद देतो नेमक्या त्याच वारंवारतेचा, एक फोटॉन अणूवरून गेला तर अणू त्याला किती मोठा दिसतो? तरंगलांबीच्या वर्गाला अर्ध्याच्या आसपासच्या एका स्थिरांकाने गुणलं तेवढा. रुबिडियमच्या 780 नॅनोमीटरच्या संक्रमणासाठी हे क्षेत्रफळ 0.3 चौरस मायक्रॉनच्या आसपास येतं. यात द्विध्रुव आघूर्ण कुठेच नाही. जोरात जोडलेला अणू फोटॉन लवकर सोडतो, म्हणून त्याची वर्णपटातली रेषा रुंद असते, कमजोर अणूची अरुंद. पण अनुनादावर दोघांची 'सावली' सारखीच पडते. आता कॅव्हिटीतल्या किरणाची जाडी बघ. कंबर साधारण 25 मायक्रॉन धरली तर त्या किरणातून जाणारा फोटॉन अणूला गाठण्याची शक्यता काही हजारांत एक. एकदा गेला तर चुकणारच.

पण तो एकदा जात नाही. झुरिकच्या ज्या गटाने 2007 मध्ये कंडेन्सेट कॅव्हिटीत नेलं, त्यांच्या आरशांमधलं अंतर होतं 176 मायक्रॉन आणि फिनेस (प्रकाश आरशांमध्ये किती फेऱ्या टिकतो त्याचं माप) सुमारे 3 लाख 40 हजार. हिशेब कर: फोटॉन सरासरी 60 नॅनोसेकंद आत टिकतो, तेवढ्यात 18 मीटर चालतो, म्हणजे त्या इवल्याशा फटीत एक लाखाहून जास्त वेळा अणूवरून जातो. काही हजारांत एक गुणिले एक लाख, म्हणजे काही दहांच्या घरात. हीच तुझी कोऑपरेटिव्हिटी. आकडे घालूनही पडताळ: जोडणीचा दर जी सुमारे 10, कॅव्हिटीची अर्धी लाइनविड्थ (अनुनादाची वारंवारतेतली रुंदी) कप्पा 1.3, अणूची अर्धी लाइनविड्थ गॅमा 3, सगळे मेगाहर्ट्झमध्ये. जीचा वर्ग भागिले कप्पा आणि गॅमाचा गुणाकार, पंचवीसच्या वर येतं. म्हणजे अणूने फेकलेल्या पंचवीस-सव्वीस फोटॉनांपैकी जेमतेम एक बाजूला निसटतो, बाकीचे आरशांच्या वाटेने जातात.

आता आरशांबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 'फिनेस 3 लाख' हे सूत्रात लिहायला एक ओळ लागते. आम्ही आरशांची पहिली जोडी चिकटवली तेव्हा मोजमाप उत्तम आलं होतं. मग सगळं निर्वात पात्रात बसवलं, पात्र तापवून दोन आठवडे ठेवलं, गार केलं आणि पुन्हा मोजलं, तर फिनेस एक तृतीयांशावर. कुठेतरी एक कण बसला होता. आरशांमधली फट केसाच्या दोन-तीन पट, आत काही घालून पुसायची सोयच नाही. सगळं उघडून दुसरी जोडी बसवायला चार महिने गेले. त्यानंतर आरसे हाताळताना मी बोलत नाही, आणि शेजारी कुणी बोललेलंही मला चालत नाही.

आणि ते आरसे स्थिर किती हवेत? कॅव्हिटी एका लाइनविड्थने सरकायला लांबीत किती फरक पुरतो, तर तरंगलांबी भागिले दोन फिनेस. उत्तर एक पिकोमीटरच्या जरासं वर येतं, म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाचा शंभरावा भाग. म्हणून एक वेगळा, अणूंपासून खूप दूरच्या तरंगलांबीचा लेझर सतत आत सोडून त्याच्या आधाराने पिझोवरचे (विजेच्या दाबाने किंचित लांब-आखूड होणाऱ्या स्फटिकावरचे) आरसे धरून ठेवावे लागतात. दार आपटलं की ऑसिलोस्कोपवरची रेघ उडते आणि तीस सेकंद खपून बनवलेलं कंडेन्सेट वाया जातं.

हे सगळं कशासाठी, तर तुझ्या पहिल्या प्रश्नासाठी. साध्या लॅटिसमध्ये प्रकाश बाहेरून येतो, अणूंना ढकलतो आणि निघून जातो. अणूंनी त्याच्यावर काय परिणाम केला हे विचारायला कुणी थांबत नाही. तिथे प्रकाशाला भिंत म्हणणं चालतं. कॅव्हिटीत प्रकाश तिथेच घुटमळतो, एक लाख वेळा त्याच अणूवरून जातो, आणि प्रत्येक वेळी अणू त्याची कला (तरंगाच्या चढ-उताराची जागा) थोडीशी मागे ओढतो. समज प्रकाश अणूच्या अनुनादापासून 1 टेराहर्ट्झ लांब आहे. मग एक अणू कॅव्हिटीचा अनुनाद जीचा वर्ग भागिले डिट्यूनिंग (हेच 1 टेराहर्ट्झचं अंतर), म्हणजे 100 हर्ट्झने सरकवतो. 26 लाख हर्ट्झ रुंदीच्या कॅव्हिटीला ते जाणवतही नाही. पण थेंबे थेंबे तळे साचे. एक लाख अणू सारखे पसरलेले असतील तर सरकणं होतं 5 मेगाहर्ट्झ, लाइनविड्थच्या जवळपास दुप्पट. आणि तेच अणू प्रस्पंद बिंदूंवर गोळा झाले तर 10. म्हणजे अणू कुठे बसलेत यावर आत प्रकाश शिरणार की नाही हे ठरतं, आणि प्रकाश किती शिरला यावर अणू कुठे बसणार हे ठरतं. टाळी एका हाताने वाजत नाही, आणि तुझ्या कोडमध्ये एकच हात आहे.

बर्कलीच्या एका गटाने 2007 मध्येच दाखवलं होतं की या देवाणघेवाणीमुळे कॅव्हिटीत सरासरी एकापेक्षाही कमी फोटॉन असताना द्विस्थिरता (त्याच पंपाला दोन वेगळ्या स्थिर अवस्था) दिसते. इतक्या क्षीण प्रकाशात कॅव्हिटीचं वागणं अणूंच्या हालचालीने बदलतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो लेख बाजूला ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

आता तुझं 'अचानक'. पंप वरून येतोय, आरशांच्या अक्षावर बाहेरून काहीच घातलेलं नाही. अणू पंपाचा प्रकाश विखुरतात आणि तो कॅव्हिटीत जाऊ बघतो. अणूंचा एक बुद्धिबळाचा पट कल्पना कर. काळ्या घरातला अणू जो तरंग विखुरतो, पांढऱ्या घरातला अणू नेमका त्याच्या उलट कलेचा विखुरतो. अणू सारखे पसरले असतील तर सगळं एकमेकांना कापतं आणि कॅव्हिटी अंधारी राहते. पण समज योगायोगाने काळ्या घरांत चार अणू जास्त आहेत. थोडा प्रकाश शिल्लक राहील, तो पंपाशी मिसळेल आणि त्या मिश्रणाने काळी घरंच थोडी खोल होतील. मग आणखी अणू तिकडे, आणखी प्रकाश, आणखी खोली. याला आडवं येतं ते कंडेन्सेटचं पसरून राहण्याचं मोल: अणूला एका घरात कोंडायचं तर गतिज ऊर्जा द्यावी लागते. पंप कमी असेल तर ही ऊर्जा जिंकते आणि योगायोगाने आलेला फरक विरून जातो. एका ठरावीक शक्तीच्या वर प्रकाश जिंकतो. तोच तुझा उंबरठा.

हे घडेल असं डोमोकोश आणि रित्श यांनी 2002 मध्ये मांडलं. व्हुलेटिचच्या गटाने 2003 मध्ये लेझरने थंड केलेल्या, पण कंडेन्सेट नसलेल्या सिझियमच्या अणूंवर ते दाखवलं. म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की नुसती रचना हवी असेल तर नॅनोकेल्विन लागतच नाही.

उरलेलं अर्धं मला जास्त प्रिय आहे. अणू पंपातून एक फोटॉन घेतो आणि कॅव्हिटीत सोडतो तेव्हा त्याला पंपाच्या दिशेने एक धक्का आणि कॅव्हिटीच्या दिशेने एक धक्का बसतो. रुबिडियमसाठी या दोन धक्क्यांची ऊर्जा सुमारे 7.5 किलोहर्ट्झ, तापमानात सांगायचं तर 360 नॅनोकेल्विन. ढग याहून गरम असेल तर अणूंचे वेग आधीच विस्कटलेले असतात, एका धक्क्याचा हिशेब त्या गर्दीत हरवतो. ढग याहून बराच थंड असेल तर प्रत्येक अणूला दोनच जागा उरतात: स्थिर असणं किंवा ते दोन धक्के घेतलेलं असणं. दोन पातळ्या, एक कॅव्हिटी, एक लाख अणू. हे डिकेचं 1954 चं प्रारूप. त्यात प्रावस्था संक्रमण (पाण्याचा बर्फ होतो तसा अवस्थेतला बदल) असल्याचं हेप आणि लीब यांनी 1973 मध्ये सिद्ध केलं. पण अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या खऱ्या पातळ्या घेतल्या तर जोडणी प्रकाशाच्या वारंवारतेच्या तोडीची, शेकडो टेराहर्ट्झच्या घरातली हवी. ते कुठून आणणार? गतीच्या पातळ्या घेतल्या की तोच उंबरठा किलोहर्ट्झच्या प्रमाणात खाली येतो आणि पंपाच्या शक्तीने हवा तसा ओलांडता येतो. 2010 मध्ये झुरिकला बाउमान, गेर्लें, ब्रेनेके आणि एस्लिंगर यांनी तो ओलांडला. थंडीचं काम हे आहे.

कप्पा_निम्मा:

उत्तम उत्तर. प्रश्नकर्त्यासाठी दोन गोष्टी जोडतो, कारण कोड दुरुस्त करताना याच ठिकाणी पाय घसरेल.

पहिली चिन्हाची. पंपाची वारंवारता कॅव्हिटीच्या अनुनादाच्या खाली हवी, आणि अनुनाद म्हणजे अणूंनी सरकवलेला अनुनाद, रिकाम्या कॅव्हिटीचा नाही. वरच्या बाजूला गेलात तर शिल्लक प्रकाश उलट कलेचा तयार होतो, भरलेली घरं उथळ होतात आणि फरक वाढण्याऐवजी पुसला जातो. कोड अगदी बरोबर असूनही काहीच दिसणार नाही.

दुसरी वेळेची. कॅव्हिटीतला प्रकाश अणूंच्या हालचालीच्या मागे किती रेंगाळतो हे कप्पावर अवलंबून असतं. वर दिलेल्या आकड्यांत कप्पा मेगाहर्ट्झमध्ये आणि अणूंची हालचाल किलोहर्ट्झमध्ये आहे, म्हणून प्रकाश तत्काळ जुळवून घेतो आणि त्याचं समीकरण काढून टाकता येतं. मग उरते ती कोणत्याही दोन अणूंमधली, अंतराने न घटणारी परस्परक्रिया. ढगाच्या या टोकाचा अणू त्या टोकाच्या अणूशी तितक्याच जोराने जोडलेला, कारण दोघेही एकाच प्रकाशाशी जोडलेले. पण हॅम्बुर्गच्या गटाची कॅव्हिटी इतकी अरुंद आहे की कप्पा धक्क्याच्या वारंवारतेच्याच घरात येतो. तिथे हे काढून टाकणं चालत नाही, प्रकाशाची आठवण हिशेबात धरावी लागते. टाइम क्रिस्टलसारख्या, ठरावीक तालात दोलन करत राहणाऱ्या अवस्था त्यांना मिळाल्या त्याही अशाच कॅव्हिटीत.

आणि एक विनंती. कोऑपरेटिव्हिटीचा आकडा कुठूनही उचलताना रुंदी पूर्ण आहे की अर्धी हे आधी बघा. पूर्ण रुंद्या घेतल्या तर वर चार लागतो, तरच तेच पंचवीस येतात. एकदा मी एका लेखातला जी घेतला आणि दुसऱ्यातली लाइनविड्थ, आणि चौपट चुकीच्या आकड्यावर दोन आठवडे गणित केलं. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर माझी व्याख्या लिहिलेली असते.

स्थिरतरंग:

दोघांचेही मनापासून आभार. ताई, एक लाख फेऱ्यांचं चित्र वाचलं आणि तिसरा प्रश्न सुटला. मी द्विध्रुव आघूर्ण आणि रेषेची रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी धरून बसलो होतो.

कोड बदलला. कॅव्हिटीच्या क्षेत्राला आता स्वतःचं समीकरण आहे, आणि प्रत्येक पायरीला अणूंच्या घनतेवरून अनुनादाचं सरकणं आणि विखुरलेला प्रकाश दोन्ही नव्याने काढतो. पहिल्यांदा चालवला तर पुन्हा काहीच नाही! पंप दहापट केला तरी कॅव्हिटीत शून्य फोटॉन. अख्खा दिवस चूक शोधत होतो. संध्याकाळी लक्षात आलं की चूक नाहीच. माझी सुरुवातीची घनता अगदी सपाट होती, संगणकाच्या शेवटच्या दशांशापर्यंत. काळ्या आणि पांढऱ्या घरांत जराही फरक नसेल तर वाढायला काही उरतच नाही. घनतेत दहा लाखांत एक इतका यादृच्छिक गोंगाट घातला आणि उंबरठा समोर आला. खाली सपाट, वर एकदम चढ. (पंप मी कॅव्हिटीच्या चुकीच्या बाजूलाही ठेवला होता, कप्पा_निम्मा यांनी लिहिलं नसतं तर आणखी एक दिवस गेला असता.)

वीस वेळा चालवला. अकरा वेळा काळी घरं, नऊ वेळा पांढरी. आता नवा प्रश्न: प्रयोगात हे कसं कळतं? दोन्ही रचनांत प्रकाश तर सारखाच बाहेर पडेल.

नॅनोकेल्विन:

शून्य गोंगाटावर अडकलास ते फार चांगलं झालं. सममिती आपोआप मोडत नाही, तिला काहीतरी निमित्त लागतं, हे पुस्तकात वाचून इतकं पक्कं होत नाही.

तीव्रता सारखीच असते, बरोबर. फरक कलेत असतो. काळ्या घरांत अणू असतील तर बाहेर पडणारा प्रकाश पंपाच्या तुलनेत एका कलेचा, पांढऱ्या घरांत असतील तर नेमका 180 अंशांनी उलटा. म्हणून बाहेर गळणारा प्रकाश पंपातूनच काढलेल्या एका संदर्भकिरणाशी मिसळायचा आणि त्या मिश्रणाची तीव्रता ज्या ठोक्यांत कमी-जास्त होते त्यांची कला बघायची. पंप खाली आणून रचना मोडायची, पुन्हा वर न्यायचा, पुन्हा बघायची. झुरिकच्या गटाने 2011 मध्ये नेमकं हेच प्रसिद्ध केलं. पंप हळू वाढवला की एक बाजू जास्त वेळा येत होती, कारण ढग मर्यादित आकाराचा असल्याने दोन्ही प्रकारची घरं कधीच तंतोतंत सारखी नसतात. पंप झपकन वर नेला की पारडी जवळजवळ सारखी होत गेली. तुझ्या कोडमध्ये ढग अनंत पसरलेला आहे, म्हणून अकरा-नऊ. त्याला एक मर्यादित, गोलसर सापळा दे, थोडासा एका बाजूला सरकव, आणि पंप वेगवेगळ्या गतीने वाढवून बघ.

आमच्याकडे हे पहिल्यांदा दिसलं ती रात्र सांगते. फोटॉन मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर वीस-पंचवीस शॉट (प्रयोगाच्या फेऱ्या) नुसती सपाट रेघ होती, डिटेक्टरच्या अंधारातल्या तुरळक टिचक्या तेवढ्या. आम्ही पंप थोडा थोडा वाढवत होतो. मग एका शॉटला रेघ अर्ध्या मिलिसेकंदात उभी चढली, तशीच थांबली आणि पंप खाली आल्यावर उतरली. पाठोपाठ ढगाचा फोटो आला. मध्ये नेहमीचा काळा ठिपका आणि चार कोपऱ्यांत चार फिकट ठिपके, एक धक्का इकडे, एक तिकडे घेतलेले अणू. माझा सहकारी काही न बोलता तेच आकडे पुन्हा टाकून शॉट घेऊ लागला. पुन्हा चार ठिपके. पहाटेपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही, फक्त पंप वर आणि खाली.

पुढे कुठे जायचं असेल तर 2017 चं झुरिकचं काम वाच. एकमेकींना 60 अंशांत छेदणाऱ्या दोन कॅव्हिटी आणि दोन्हींत सारखीच जोडणी. मग निवड दोन घरांपुरती राहत नाही, रचना सलग कुठेही सरकू शकते आणि तरीही अणू अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणारे) असतात. तिथे तुझा अकरा-नऊचा आलेख वर्तुळ होतो. स्टॅनफर्डच्या गटाची बहुरूपी (प्रकाशाचे अनेक आकार एकाच वेळी सामावणारी) कॅव्हिटी हा त्याच्याही पुढचा टप्पा. तिथे प्रकाशाची जाळी ताठ राहत नाही, तिच्यातून ध्वनीसारखे तरंग जाऊ शकतात. पण ते नंतर. आधी सापळा घालून घे आणि पंप किती वेगाने नेलास तेही आलेखावर लिही, नाहीतर इथे कुणालाच तो वाचता येणार नाही.

स्थिरतरंग:

सापळा घातला, अर्ध्या तरंगलांबीच्या दहाव्या भागाने सरकवला. पंप सावकाश नेला तर वीसपैकी एकोणीस काळी घरं. दहापट वेगाने नेला तर तेरा-सात. मार्गदर्शक सोमवारी परत येताहेत, तोवर आणखी चार वेग चालवून सगळे आलेख इथे टाकतो.